पुढच्या आठवड्यात पाऊस कसा राहील, आपलं आपण कसं वाचायचं (पायरी पायरीने)

सातारा जिल्ह्याला रेड अलर्ट अशी पट्टी टीव्हीवर फिरायला लागली की माण-खटावातली (जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांतली) माणसं दोन दिवस आभाळाकडे बघत बसतात, चार शिंतोडे पण पडत नाहीत, आणि मग सगळे म्हणतात हवामान खात्याचं काही खरं नाही. त्याच दोन दिवसांत तिकडे महाबळेश्वर, कोयनानगरला पाऊस नुसता कोसळत असतो. म्हणजे अंदाज बरोबरच होता, पण तो साताऱ्याच्या घाटमाथ्याचा होता आणि पट्टीत फक्त 'सातारा' एवढंच आलं. मी गेली बरीच वर्षं रोज सकाळी पावसाची नोंद ठेवतोय, आणि माझं मत असं झालंय की अंदाज जेवढे चुकतात त्यापेक्षा जास्त वेळा ते आपण चुकीचे वाचतो. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय. एकदा सवय लागली की रोजची दहा मिनिटं पुरतात.

पहिलं काम, आपण नेमके कुठे बसलोय ते ओळखा

हवामान खात्याने महाराष्ट्राचे चार भाग केलेत, कोकण (गोव्यासकट), मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. आपल्याला वाटतं आपला जिल्हा म्हणजे एक जागा, पण पावसाला जिल्ह्याची हद्द कळत नाही, त्याला डोंगर कळतो. अरबी समुद्रावरून आलेलं बाष्प सह्याद्रीला धडकतं, वर चढतं, थंड होतं आणि तिथेच रिकामं होतं, पलीकडे उतरणारी हवा कोरडी होत जाते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, वीस किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, खाली वाईत उतरलं की त्याहून खूप कमी, आणि पुढे पूर्वेला माणमध्ये तर पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात!

म्हणून आता पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक या जिल्ह्यांना घाटाचा इशारा वेगळा आणि बाकी जिल्ह्याचा वेगळा असा येतो. तुम्ही घाटमाथ्यावर, घाटाच्या पायथ्याला की पर्जन्यछायेत (डोंगरापलीकडच्या कमी पावसाच्या पट्ट्यात), हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि अलर्ट बघताना आधी 'घाट' हा शब्द शोधा.

सपाटीवर पण फरक पडतो बरं का. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्याला ७४ च्या आसपास. तेव्हा शेजारच्या गावात झाला आणि आपल्याकडे नाही याचं वाईट वाटलं तरी त्यात नवल काही नाही.

दुसरं, बुलेटिनमधले (खात्याच्या रोजच्या अंदाजाच्या पत्रकातले) शब्द ढोबळ नसतात, त्यांना माप असतं

हे समजलं की अर्धं काम झालं. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी पाव किंवा त्याहून कमी ठिकाणी, 'काही ठिकाणी' म्हणजे पाव ते निम्म्या, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे निम्म्या ते पाऊण, आणि 'बहुतेक ठिकाणी' म्हणजे त्याच्याही वर. म्हणजे "मराठवाड्यात तुरळक ठिकाणी मुसळधार" हे वाक्य तुमच्या गावाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही, ते एवढंच सांगतं की कुठेतरी एक-दोन ठिकाणी जोरात पडेल आणि ते ठिकाण तुमचं असण्याची शक्यता कमी आहे. हे न कळल्यामुळे किती लोक घाईघाईने पेरणी करतात, मला खरंच वाईट वाटतं.

आता जोर. २४ तासांत १५.५ मिमीपर्यंत हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अति मुसळधार, आणि २०४.५ च्या वर गेला की अत्यंत मुसळधार. आणि २.५ मिमी तरी पडला तरच तो 'पावसाचा दिवस' धरतात, नाहीतर दिवसभर भुरभुर होऊन पण नोंदीत दिवस कोरडाच. 'मध्यम' या शब्दाला हलकं घेऊ नका, ५० मिमी म्हणजे मध्यमच आणि तेवढा तासाभरात पडला तर शेतातला बांध फुटतो.

शक्यतेचेही शब्द असेच ठरलेले आहेत. इंग्रजी बुलेटिनमध्ये 'लाइकली' असलं तर साधारण पाव ते निम्मी शक्यता, 'व्हेरी लाइकली' निम्मी ते पाऊण, 'मोस्ट लाइकली' पाऊणच्या वर. मराठीत येताना या सगळ्याचं 'शक्यता आहे' एवढंच होऊन जातं, म्हणून जमलं तर मूळ बुलेटिन उघडून बघत जा.

रंगांचं थोडक्यात सांगतो. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत रहा, लाल म्हणजे आता कृती करा. रंग ठरवताना नुसते मिलिमीटर बघत नाहीत, त्या पावसाने तिथे काय होईल आणि तो पडण्याची खात्री किती, दोन्ही धरतात.

आणि एक बारीक गोष्ट जी फार कमी लोकांना माहीत असते. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा असतो. म्हणजे मंगळवारच्या इशाऱ्यातला पाऊस बुधवारी पहाटे चारला पडला तरी तो मंगळवारचाच. 'सांगितलं मंगळवारी आणि आला बुधवारी' ही तक्रार बऱ्याच वेळा इथेच मिटते.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, या आठवड्यात पाऊस आणतंय कोण?

मोबाईलवरचं ढगाचं चित्र बघण्याआधी हा प्रश्न विचारायचा. पाऊस काही आपोआप येत नाही, त्याला कोणीतरी ओढून आणावं लागतं, आणि ओढणारा कोण हे कळलं की तो कुठे पडेल, किती दिवस राहील, रात्री येईल की दुपारी, सगळ्याचा अंदाज बांधता येतो.

जून ते सप्टेंबर कोकणात आणि घाटावर मोठा पाऊस असतो तेव्हा बहुतेक वेळा किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा तयार झालेला असतो, दक्षिण गुजरातपासून खाली कर्नाटक-केरळपर्यंत. बुलेटिनमध्ये हा पट्टा दिसला आणि पश्चिमेचे वारे जोरात असले की कोकण-घाटवाल्यांनी दोन-तीन दिवस धरून चालायचं. पण नुसत्या याच्यावर मराठवाड्याने आशा ठेवू नये, घाट ओलांडून तिकडे फार काही पोचत नाही.

मराठवाडा-विदर्भाची मदार बंगालच्या उपसागरावर. तिथे उत्तरेच्या बाजूला, ओडिशाच्या जवळ, कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं आणि ते पश्चिम-वायव्येला सरकत ओडिशा, छत्तीसगडमार्गे विदर्भ किंवा मध्य प्रदेशाकडे येतं, किनारा ओलांडल्यापासून साधारण दोन-तीन दिवसांत. पावसाळ्यात अशा क्षेत्राच्या नैऋत्येच्या बाजूला पाऊस जास्त असतो, म्हणून केंद्र मध्य प्रदेशात असलं तरी विदर्भ नि उत्तर महाराष्ट्र भिजतो. आणि ते पुढे सरकलं की अरबी समुद्रावरचे वारे पण ओढले जातात आणि कोकण-घाटात जोर वाढतो. हे क्षेत्र तयार होण्याची बातमी म्हणजे तुमच्या हातातली तीन-चार दिवसांची आगाऊ सूचना, यापेक्षा कामाची बातमी दुसरी नाही. फक्त 'चक्राकार वाऱ्यांची स्थिती' वाचून कोणी चक्रीवादळ आलं म्हणून फॉरवर्ड केलं तर विश्वास ठेवू नका, हवेत वर फिरणारे वारे असतात ते, चक्रीवादळ म्हणायला जमिनीलगत वाऱ्याचा वेग ताशी ६२ किमीच्या पुढे जावा लागतो.

तिसरी गोष्ट मान्सूनची आस. उत्तर भारतात आडवा पसरलेला कमी दाबाचा पट्टा असतो हा. तो दक्षिणेकडे आला की मध्य भारत नि आपल्याकडे पाऊस, आणि हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसला की आपल्याकडे पावसाचा खंड. "आस हिमालयाच्या पायथ्याकडे" हे वाक्य बुलेटिनमध्ये आलं की पुढचे काही दिवस कोरडे धरा, पाणी असेल तर पिकाला पाणी द्यायची तयारी करा, ॲप रोज ढग दाखवत असलं तरी. २०२३ चा ऑगस्ट आठवत असेल, १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो, पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. खंडात एखाद्या दुपारी गरम होऊन ढग तयार होतो आणि एका पट्ट्यात झोडपून जातो, पण त्याला पाऊस परत आला असं समजू नये.

एप्रिल-मेचा वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस या दोघांचा स्वभाव वेगळा. सकाळी लख्ख ऊन, दुपारी उकाडा, तीननंतर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग वर वर चढत जातात, आणि संध्याकाळी विजा, वारा, कधी गारा. अशा दिवसांत 'सकाळी ऊन आहे म्हणजे आज नाही' हा हिशोब साफ चुकतो, उलट सकाळचं ऊनच दुपारच्या ढगाला बळ देतं. मृगाचा, आर्द्राचा, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, हस्ताचा पाऊस, ही जुन्या लोकांची विभागणी ऋतूचा स्वभाव लक्षात ठेवायला छान आहे, मला आवडते, पण नक्षत्राचं वाहन बेडूक की कोल्हा यावरून या आठवड्याची पेरणी ठरवू नका.

चौथं, सात दिवसांना सारखा भाव देऊ नका

मी वहीत आठवडा तीन तुकड्यांत लिहितो. पहिले दोन दिवस पक्के धरायचे, कामं यावरच ठरवायची. तिसरा ते पाचवा दिवस फक्त कल बघायचा, वाढतोय की कमी होतोय. सहावा-सातवा नुसती चाहूल, तिथे 'शुक्रवारी दुपारी ४ वाजता १२ मिमी' असं ॲपने दाखवलं तर त्या चारला आणि त्या बाराला काही अर्थ नाही, तो कॉम्प्युटरचा आकडा आहे.

ॲपमागे मॉडेल असतं, म्हणजे हवेचं गणित करणारा कॉम्प्युटर प्रोग्राम, तो नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येकाचा हिशोब करतो. जगाच्या मॉडेलमधला एक चौकोन साधारण ९ ते १३ किमीचा, त्यात सह्याद्रीचा कडा सपाट होऊन जातो, म्हणून घाटातला पाऊस कमी आणि पर्जन्यछायेतला जास्त दाखवला जातो असा माझा तरी अनुभव आहे. मे २०२५ पासून आपल्याकडे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेली ६ किमीची भारत फोरकास्ट सिस्टीम सुरू झालीय, पण दुपारचा एकटा ढग त्याच्याही पेक्षा लहान असू शकतो.

काय करायचं, तर युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ आणि अमेरिकेचं जीएफएस ही दोन मॉडेल शेजारी ठेवून बघा, बऱ्याच ॲपमध्ये फुकट दिसतात. दोघं एकच सांगत असतील तर विश्वास वाढवा, एक १०० मिमी आणि एक कोरडं दाखवत असेल तर गप्प बसून उद्या परत बघा. आणि एकाच मॉडेलचा अंदाज रोज बघून लिहा, सोमवारी शुक्रवारसाठी काय म्हणालं, मंगळवारी काय, बुधवारी काय. आकडा तीन दिवस टिकला तर दम आहे, रोज उड्या मारत असेल तर नाही. मॉडेलची मुख्य गणितं आपल्या सकाळी आणि संध्याकाळी साडेपाचच्या नोंदींवर चालतात आणि निकाल काही तासांनी येतो, म्हणून दर अर्ध्या तासाने ॲप उघडून काही नवीन मिळत नाही.

आठवड्याचं वेळापत्रक पण ठरवून टाका. जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, चार आठवड्यांचा पुढचा अंदाज दर गुरुवारी. मेघदूत ॲपवर शेतीचा सल्ला मिळतो, मौसम ॲपवर अंदाज नि इशारे, दामिनीवर आजूबाजूची वीज.

पाचवं, त्या दिवशी काय बघायचं

आता मॉडेल विसरा, आता जे प्रत्यक्ष आहे ते बघायचं. सकाळी इन्सॅटचा सॅटेलाइट फोटो, ढग कुठे दाट आहेत आणि कुठून कुठे चाललेत. दुपारनंतर रडार, आणि त्यासोबत नाऊकास्ट, म्हणजे खात्याचा पुढच्या तीन तासांचा अंदाज.

रडारचा एक फोटो बघून उपयोग नाही, मागच्या तासाभराचे फोटो पळवून बघा. निळा-हिरवा म्हणजे हलका, पिवळा-नारिंगी म्हणजे जोर, लाल-जांभळ्याच्या पुढे गारांची शंका घ्यायची. तुकडा कुठल्या दिशेने किती सरकला ते बोटाने मोजा आणि तेवढंच पुढे सरकवा, तासाभराचा अंदाज बऱ्यापैकी येतो. त्यापुढचा नाही, कारण एका गडगडाटी ढगाचं आयुष्यच साधारण अर्धा-एक तास असतं. तो मरताना थंड वारा खाली सोडतो, तो वारा पुढच्या गरम हवेला उचलतो आणि शेजारी नवीन ढग उभा राहतो. म्हणून कधी येतोय येतोय वाटणारा पाऊस वाटेतच विरतो आणि कधी डोक्यावरच नवीन तयार होतो.

रडार कोरं दिसलं म्हणजे पाऊस नाही असंही नाही. पृथ्वी गोल असल्याने रडारचा किरण लांब जाईल तसा उंच जातो, २०० किमीवर तो जमिनीपासून चारेक किलोमीटर वर असतो. कुलाबा, नागपूर, गोव्याच्या रडारपासून तुम्ही लांब असाल तर खालच्या ढगातला पाऊस किरणाच्या खालून निसटतो.

मोबाईलमध्ये हवेच्या दाबाचा सेन्सर असेल तर एक सांभाळा. आपल्याकडे दाब रोज आपोआप वरखाली होतो, सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमाराला जास्त, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमाराला कमी. त्यामुळे दुपारी दाब उतरला म्हणून वादळ येतंय असं नाही, कालच्या त्याच वेळेशी तुलना करा.

विजेचं मात्र अगदी मनापासून सांगतो. चमकल्यावर आकडे मोजा, आवाज यायला दर तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत गडगडलं तर काम तिथेच टाकून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाडाखाली अजिबात थांबू नका. भर पावसापेक्षा पाऊस यायच्या आधीची आणि थांबल्यानंतरची दहा मिनिटं माणसं गाफील असतात आणि तेव्हाच घात होतो.

सहावं, घरचं पर्जन्यमापक

हे केलं नाही तर वरचं सगळं हवेत राहतं. सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली घ्या, खांद्यापाशी कापा, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा म्हणजे पाणी उडणार नाही नि वाळणार नाही. तळाला खडे टाका, वजन येतं, आणि बाटली सरळ होते तिथपर्यंत पाणी भरून तिथे शून्याची खूण करा. बाहेरून प्लास्टिकची मोजपट्टी उभी चिकटवा. बाटलीचं तोंड आणि अंग सारख्याच रुंदीचं असेल तर पट्टीवरचा मिलिमीटर म्हणजे थेट पावसाचा मिलिमीटर.

निमुळती बादली असेल तर पट्टी चालत नाही, पाणी मापाने मोजा. तोंडाचा व्यास २० सेंमी असेल तर क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंमी, म्हणजे ३१४ मिली पाणी जमलं की १० मिमी पाऊस. भांडं उघड्यावर ठेवा, झाड किंवा भिंत जेवढी उंच त्याच्या दुप्पट अंतरावर. रोज सकाळी साडेआठला वाचा, लिहा, परत शून्याला आणा, म्हणजे तुमचा आकडा खात्याच्या आकड्याशी लावून बघता येतो.

१ मिमी म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, एकरात चार हजार लिटरच्या आसपास. २५ मिमी झाला की एकरी लाखभर लिटर पाणी पडलं! पण ते अर्ध्या तासात पडलं तर निम्मं ओढ्याला, रात्रभर झिमझिम पडलं तर मुरलं, म्हणून आकड्याशेजारी किती वेळ पडला तेही लिहा. मी एका जूनमध्ये दोन सलग सरींनंतर रान ओलं दिसलं म्हणून सोयाबीन टाकायला निघालो होतो, बाटलीत बघितलं तर दोन दिवसांचे मिळून ३१ मिमी. हाताने माती उकरली, चार बोटांखाली कोरडी फुफाटा. थांबलो, आणि पुढे अकरा दिवस पाऊस नव्हता. ७५ ते १०० मिमी झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी खातं दरवर्षी सांगतं, तो आकडा तालुक्याच्या सरासरीवर बघू नका, तुमच्या बाटलीत बघा.

नुकसानीच्या पंचनाम्याला मात्र महसूल मंडळाच्या (काही गावांच्या गटाच्या) केंद्रावरचा आकडाच लागतो, २४ तासांत ६५ मिमीच्या वर गेला की अतिवृष्टी धरतात. तुमची वही तिथे पुरावा म्हणून चालेलच असं नाही, पण मंडळात ४० आणि तुमच्या रानात ९० पडला असेल तर फोटो, तारीख, वेळ जवळ असलेली बरी, बोलायला आधार मिळतो.

सातवं, कामं कशी लावायची

फवारणीला औषधाच्या लेबलवर जेवढे कोरडे तास लिहिलेत तेवढे बघायचे, दुपारच्या पावसाच्या दिवसांत सकाळी लवकर उरकायची. काढलेलं पीक उघड्यावर टाकायला किमान तीन दिवस 'पक्के' कोरडे पाहिजेत आणि माझे पक्के दिवस दोनच असतात, म्हणून ताडपत्री आधी, काढणी नंतर. घरावर स्लॅब टाकायचा असेल तर तोच नियम. घाटातून गाडीने जायचं असेल तर तुमच्या गावचा अंदाज बघू नका, घाटाचा बघा, आणि कालपासून सतत पडत असेल तर आज पाऊस कमी असला तरी दरड येऊ शकते. नदीकाठी राहणाऱ्यांनी स्वतःच्या आभाळाइतकंच वरच्या धरणाच्या पाणलोटाकडे बघायचं, सांगलीत ऊन असताना कृष्णा वाढते ती कोयनेच्या नि घाटाच्या पावसाने.

वहीचं पान मी असं आखतो. तारीख, पाऊस आणणारा कोण, दोन मॉडेल काय म्हणतात, अलर्ट (घाट की सपाटी), आणि शेवटचा रकाना दुसऱ्या दिवशी सकाळी भरायचा, प्रत्यक्ष मिलिमीटर. एक पावसाळा हे भरलं की तुमच्या गावाला कुठला अंदाज लागू पडतो ते दिसायला लागतं. माझ्याकडे 'काही ठिकाणी' लिहिलेल्या दिवशी तीनातून एकदा पडतो, आणि पूर्वेकडून वारा असेल तर दोनदा.